शहरं जाळून शत्रू शरण येतो का?

प्रश्न तीन भागांत विचारला गेला आहे. शत्रूच्या शहरांवर, सामान्य लोकांच्या वस्त्यांवर सरसकट बॉम्बफेक केली तर शत्रू लवकर गुडघे टेकतो का? जपान अणुबॉम्बमुळेच शरण आला ना? आणि तसं असेल तर वेळ आल्यावर भारतानेही हेच का करू नये? पुण्यात एका अंगाला खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, दुसऱ्या अंगाला पाषाण-दिघीच्या संरक्षण प्रयोगशाळा आणि लोहगावचा हवाई तळ. त्यामुळे हा विषय इथे चहाच्या टपरीवरही निघतो आणि बहुधा ‘एकदा चांगलं भाजून काढलं की येतील ताळ्यावर’ या वाक्यावर मिटतो. मिटण्याइतका तो सोपा नाही.

आधी थोडक्यात उत्तर. लोकांना मारून त्यांच्या सरकारला वाकवायचं, एवढाच हेतू धरला तर गेल्या शंभर वर्षांचा हिशेब फार वाईट आहे. शहरांवरच्या बॉम्बफेकीचे इतर परिणाम मात्र झाले आणि त्यातले काही युद्धाचं पारडं फिरवणारे होते. चर्चेत या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. ‘जर्मनीवर बॉम्ब पडले, जर्मनी हरला, म्हणजे उपाय लागू पडला’ असं म्हणताना कोणते बॉम्ब, कशावर आणि कधी, हे कोणी विचारत नाही.

कल्पना मूळची इटलीतली. जनरल ज्यूलिओ डूए यांनी १९२१ मध्ये मांडलं की पुढच्या युद्धात खंदकातल्या सैन्याला भिडायचं कारणच उरणार नाही. विमानं त्यांच्या डोक्यावरून जातील, शहरांवर स्फोटक, आगलावे आणि विषारी वायूचे बॉम्ब टाकतील आणि हवालदिल झालेले लोकच आपल्या सरकारला युद्ध थांबवायला लावतील. पहिल्या महायुद्धात चार वर्षं माणसं चिखलात सडली होती, तेव्हा हा मार्ग त्यातल्या त्यात दयेचा वाटत होता. हाताशी पुरावा मात्र नगण्य होता. त्या संपूर्ण युद्धात जर्मन हवाई जहाजांनी आणि विमानांनी ब्रिटनमध्ये मिळून सुमारे १,४०० माणसं मारली होती. तेवढ्यावर पुढच्या युद्धाचं गणित मांडलं गेलं. १९३२ मध्ये स्टॅन्ली बाल्डविन यांनी ब्रिटिश संसदेत सांगूनही टाकलं की बॉम्बफेकी विमान नेहमी पोचणारच.

या विचारामागे एक साखळी गृहीत धरलेली आहे आणि ती कडी-कडीने तपासावी लागते. बॉम्ब ठरल्या जागी पडले पाहिजेत. लोकांचे हाल झाले पाहिजेत. हाल झालेल्यांचा राग बॉम्ब टाकणाऱ्यावर न जाता स्वतःच्या सरकारवर गेला पाहिजे. तो राग सरकारपर्यंत पोचवायची काही सोय असली पाहिजे. सरकारला युद्ध सोडणं हे युद्ध चालवण्यापेक्षा स्वस्त वाटलं पाहिजे. शिवाय शरण गेलो तर बॉम्ब थांबतील, यावर त्याचा विश्वास बसला पाहिजे. यातली दुसरी कडी तेवढी हमखास लागते. बाकीच्यांपैकी एक तरी तुटतेच.

पहिली कडी तर सुरुवातीलाच तुटली. १९४१ च्या जून-जुलैमध्ये ब्रिटिश विमानांनी रात्रीच्या हल्ल्यांत काढलेले सहाशेवर फोटो तपासले गेले. त्याचा बट अहवाल ऑगस्टमध्ये आला. लक्ष्यावर बॉम्ब टाकले असं सांगणाऱ्या विमानांपैकी तीनातलं एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या, म्हणजे आठ किलोमीटरच्या आत पोचलं होतं. कारखान्यांच्या धुराने झाकलेल्या रूर खोऱ्यात हे प्रमाण दहात एक. पौर्णिमेच्या आसपास पाचात दोन, अमावास्येला पंधरात एक. आठ किलोमीटर म्हणजे किती, तर लक्ष्य शनिवारवाडा असेल आणि बॉम्ब कात्रजला पडला तरी तो ‘पोचला’ म्हणून मोजायचा. जवळजवळ दोनशे चौरस किलोमीटरचं हे वर्तुळ. एवढं करून तिनातली दोन विमानं त्याच्याही बाहेर.

यातून निघालेला निष्कर्ष पाहण्यासारखा आहे. कारखाना सापडत नाही, तर शहरच लक्ष्य धरू. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशात शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः औद्योगिक कामगारांचं मनोधैर्य हे लक्ष्य म्हणून लिहिलं गेलं. आठवडाभरात आर्थर हॅरिस बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश बॉम्बफेकी विमानदलाचे, प्रमुख झाले. मार्चअखेर चर्चिल यांचे विज्ञान सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी हिशेब दिला: दाट वस्तीवर टाकलेला एक टन बॉम्ब २० ते ४० घरं पाडतो आणि १०० ते २०० माणसांना बेघर करतो. जर्मनीतल्या ५८ मोठ्या शहरांत २ कोटी २० लाख लोक राहतात. १९४३ च्या मध्यापर्यंत त्यातल्या बहुतेकांना, म्हणजे जर्मनीच्या सुमारे एक तृतीयांश लोकसंख्येला, बेघर करता येईल आणि घर जाण्याने माणूस जितका खचतो तितका दुसऱ्या कशाने खचत नाही.

या हिशेबाला दोन शास्त्रज्ञांनी तिथल्या तिथे हरकत घेतली. हेन्री टिझर्ड म्हणाले आकडा पाचपट फुगवलेला आहे, पॅट्रिक ब्लॅकेट म्हणाले सहापट. (पुढे नोबेल मिळालेले हेच ब्लॅकेट नेहरूंच्या सांगण्यावरून स्वतंत्र भारताच्या संरक्षण संशोधनाचा १९४८ चा अहवाल लिहिते झाले. पाषाणच्या प्रयोगशाळांच्या वंशावळीत त्यांचं नाव येतं ते असं.) त्यांची हरकत साधी होती: अजून कारखान्यातून बाहेरही न पडलेली विमानं तुम्ही आजच मोजता आहात, आणि प्रत्येक बॉम्ब वस्तीतच पडेल असं धरता आहात. दुसरी अडचण आणखी मोठी होती. जर्मन बॉम्ब पडलेल्या ज्या हल आणि बर्मिंगहॅम या ब्रिटिश शहरांच्या पाहणीचा दाखला चेरवेल देत होते, त्या पाहणीत मनोधैर्य खचल्याचं काही आढळलंच नव्हतं. धोरण तरीही तेच राहिलं.

आता तिसरी कडी, म्हणजे राग कुणावर जातो. लंडनवर ७ सप्टेंबर १९४० पासून सलग ५७ रात्री बॉम्ब पडले. मे १९४१ पर्यंत ब्रिटनमध्ये ४३,००० च्या आसपास नागरिक मेले. युद्धाआधी मानसोपचारतज्ज्ञांचा अंदाज होता की शारीरिक जखमींच्या तिप्पट मानसिक रुग्ण येतील, रुग्णालयं ओसंडून वाहतील. तसं काही झालं नाही. लोक घाबरले, रडले, चिडले, पूर्वेकडच्या गरीब वस्त्यांत सरकारी ढिसाळपणाबद्दल ओरड झाली, चोऱ्याही झाल्या. ‘हसतमुखाने सगळं सोसलं’ ही नंतरची सजावट आहे. पण सकाळी ते कामावर गेले, आणि तह करा म्हणून कोणी रस्त्यावर उतरलं नाही.

याचं कारण देशभक्तीत शोधायची गरज नाही. घर गेलेला माणूस सरकारविरुद्ध उठण्याऐवजी सरकारवर जास्त अवलंबून होतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुणेकरांचा राग सरकारवर होता, तो रास्त होता, चौकशी आयोगही बसला. पण त्या दिवसांत पाणी, धान्य आणि पुढे निसेन हट (अर्धगोल छताचं तात्पुरतं घर) मिळायचा तो सरकारी रांगेतूनच. तिथे तर दोष द्यायला परका कोणी नव्हता. बॉम्बफेकीत तो रोज रात्री डोक्यावर घरघरत असतो. जर्मनीत याच्या जोडीला गेस्टापो, म्हणजे हिटलरची गुप्त पोलीस यंत्रणा, होती. लोकांना युद्ध नको झालं तरी ते कुणाला सांगणार, ही चौथी कडी. युद्धानंतर अमेरिकेने हजारो जर्मन नागरिकांच्या मुलाखती घेऊन केलेल्या पाहणीत निष्कर्ष निघाला तो हाच: लोक खिन्न झाले, सुन्न झाले, नाझींवरचा विश्वास उडाला, पण कामावर जात राहिले. मध्यम मार बसलेल्या शहरांपेक्षा प्रचंड मार बसलेल्या शहरांत मनोधैर्य फारसं जास्त खचलेलं नव्हतं. पहिल्या काही हजार टनांत जे व्हायचं ते झालं, पुढचे टन त्या बाबतीत वाया गेले.

हांबुर्गची गोष्ट थोडी जवळून पाहू, कारण दोन्ही बाजू तिचाच दाखला देतात. जुलै १९४३ च्या अखेरीस त्या शहरावर आठवडाभर हल्ले झाले. २७-२८ च्या रात्री सातशेवर विमानांनी पूर्वेकडच्या हामरब्रूक आणि आसपासच्या दाट कामगारवस्त्यांवर बॉम्ब टाकले. अनेक दिवसांचा उकाडा होता, हवा कोरडी होती आणि अग्निशामक दलाचे बरेच बंब आदल्या हल्ल्याच्या आगी विझवायला शहराच्या पश्चिमेला अडकलेले होते. सुट्या आगी मिळून एकच आग झाली. तापलेली हवा वर खेचली गेली आणि चहूबाजूंनी वारा आत धावू लागला, झाडं मुळासकट उपटणारा. तळघरांत आसरा घेतलेले कितीतरी लोक कार्बन मोनॉक्साइडने बसल्या जागी गेले. एकूण मृत ३७,००० च्या घरात, शहर सोडून गेलेले नऊ-दहा लाख. शस्त्रउत्पादन मंत्री आल्बेर्ट श्पेअर यांनी हिटलरला सांगितलं की आणखी सहा शहरांचं असं झालं तर उत्पादन थांबेल.

आता पुढचा भाग, जो सहसा सांगितला जात नाही. पाच महिन्यांत हांबुर्गचं उत्पादन आधीच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत परत आलं. एल्बे नदीपलीकडच्या गोद्या वस्त्यांच्या मानाने बचावल्या होत्या. कारखान्याचं छप्पर कोसळलं तरी खालचं लेथ मशीन मोडत नाही. ढिगारा उपसायचा, मशीन साफ करायचं, ताडपत्री टाकून पाळी सुरू करायची. जर्मन कारखाने तोवर बहुतांशी एकाच पाळीत चालत होते, म्हणजे ताणायला जागा होती. आणि जळलेल्या शहरातली उपाहारगृहं, दुकानं, पेढ्या बंद पडल्यामुळे तिथले वेटर आणि कारकून युद्धाच्या कारखान्यांना आयतेच मिळाले. शहराचं सुखवस्तूपण जळलं, युद्धाचं उत्पादन नाही.

तशी सहा शहरंही जुळून आली नाहीत. हॅरिस यांनी बर्लिन निवडलं. आपली ४०० ते ५०० विमानं जातील पण जर्मनी युद्ध गमावेल, असं त्यांनी चर्चिलना लिहिलं. बर्लिन लांब होतं, रस्ते रुंद, इमारती दगडविटांच्या, ऋतू हिवाळ्याचा. मार्च १९४४ पर्यंत विमानं जवळजवळ तेवढीच गेली. जर्मनी लढत राहिला. ३०-३१ मार्चच्या एका रात्रीत न्यूरेंबर्गवर ९५ विमानं पडली. एका फेरीत चार टक्के नुकसान हे कागदावर किरकोळ दिसतं. पण एका वैमानिकाला ३० फेऱ्या करायच्या असतील तर शेवटपर्यंत टिकण्याची शक्यता तिसापैकी नऊच्याही खाली येते. बॉम्बर कमांडच्या सव्वा लाख वैमानिक आणि सहकाऱ्यांपैकी ५५,५७३ मेले. या धोरणाची ही किंमत हल्लेखोरानेच मोजलेली आहे.

जर्मनीचं युद्धसाहित्याचं उत्पादन सर्वाधिक झालं जुलै १९४४ मध्ये, १९४२ च्या सुरुवातीच्या सुमारे तिप्पट. म्हणजे शहरं दोन वर्षं जळत आलेली असताना. याचा अर्थ बॉम्बफेक फुकट गेली असा मात्र लावू नये. १९४३ च्या वसंतात रूरवरच्या हल्ल्यांनी पोलादाला खीळ बसली आणि श्पेअर यांनी चालवलेली उत्पादनवाढ काही महिने थबकली. ते हल्लेही शहरांवरचेच होते. विमानभेदी तोफांसाठी जर्मनीने आपल्या तोफ-उत्पादनातला मोठा हिस्सा घरीच अडकवून ठेवला, त्या रशियन आघाडीवर गेल्या असत्या. लढाऊ विमानं परत बोलावली गेली आणि १९४४ च्या वसंतात लांब पल्ल्याच्या अमेरिकी मस्टँग विमानांनी त्यांना आकाशातच संपवलं. त्यामुळे फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरणाऱ्या दोस्त सैन्याला वरून फारसा त्रास झाला नाही. हा फायदा खरा आहे, मोठाही आहे. फक्त डूए यांनी सांगितलेल्या कारणाने तो झाला नाही.

खरा घाव बसला तो तेलावर. १२ मे १९४४ पासून अमेरिकेने कोळशापासून कृत्रिम इंधन बनवणाऱ्या कारखान्यांवर हल्ले सुरू केले. त्यांचं मासिक उत्पादन सरासरी ३ लाख १६ हजार टन होतं, ते जूनमध्ये १ लाख ७ हजारांवर आणि सप्टेंबरमध्ये १७ हजारांवर आलं. विमानाचं पेट्रोल एप्रिलमधल्या १ लाख ७५ हजार टनांवरून सप्टेंबरात ५ हजारांवर. विमानं विक्रमी संख्येने बनत होती आणि धावपट्टीवर उभी होती. नव्या वैमानिकांना शिकवायलाही इंधन नव्हतं. हे कारखाने मोजके होते, उच्च दाबाच्या यंत्रणेचे होते, लपवता येणारे नव्हते, आणि दुरुस्त झाले की पुन्हा हल्ला होत होता. मोजकं, बदलायला अवघड, आणि ज्याच्यावाचून बाकीचं सगळं ठप्प होतं असं लक्ष्य. घरं यातल्या एकाही कसोटीला उतरत नाहीत.

जपानकडे वळू. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकेच्या २७९ बी-२९ बॉम्बफेकी विमानांनी टोकियोवर १,६०० टनांहून जास्त आगलावे बॉम्ब टाकले. ४१ चौरस किलोमीटर शहर जळालं, ८० हजार ते एक लाख माणसं मेली, दहा लाख बेघर झाली. एका रात्रीच्या हिशेबात हिरोशिमाच्या तोडीचा हा हल्ला. १८ मार्चला सम्राट हिरोहितो यांनी जळालेला भाग स्वतः फिरून पाहिला. युद्ध त्यानंतर पाच महिने चाललं आणि साठाहून जास्त शहरं त्याच पद्धतीने जाळली गेली. सरसकट बॉम्बफेक शत्रूला वाकवत असती तर ती मार्च-एप्रिलमध्येच वाकवती.

मग ऑगस्टमध्ये काय बदललं? ६ तारखेला हिरोशिमा, ८ च्या रात्री सोव्हिएत संघाची युद्धघोषणा, ९ ला मांचुरियावर आक्रमण आणि त्याच दिवशी नागासाकी. तीन दिवसांत सगळं एकावर एक आल्यामुळे कशाने किती फरक पडला हे सोडवणं अवघड आहे, आणि इतिहासकारांत याबद्दल आजही एकमत नाही. १५ ऑगस्टच्या सम्राटांच्या भाषणात नव्या क्रूर बॉम्बचा उल्लेख आहे. १७ तारखेला सैनिकांसाठी काढलेल्या आदेशात बॉम्ब नाही, सोव्हिएत प्रवेश आहे. माझं मत विचाराल तर बॉम्बने सम्राटाला आणि तह हवा असलेल्यांना निमित्त दिलं, सोव्हिएत आक्रमणाने लष्कराचा शेवटचा डाव मोडला. मॉस्कोने मध्यस्थी करावी ही टोकियोची आशा ९ तारखेला संपली. शिवाय त्याआधीच समुद्री नाकेबंदीने आणि बंदरांत पेरलेल्या सुरुंगांनी जपानचं तेल, लोखंड आणि तांदूळ तोडलेला होता. ‘अणुबॉम्बमुळेच’ यातला ‘च’ काढला तर विधान चालेल.

उपाय लागू पडल्यासारखी दिसणारी उदाहरणं आहेत, ती टाळून उत्तर पुरं होणार नाही. १४ मे १९४० ला रॉटरडॅमवर बॉम्ब पडले, साडेआठशेच्या आसपास माणसं मेली आणि डच सैन्याने त्याच संध्याकाळी शस्त्रं ठेवली. पण जर्मन सैन्य शहराच्या पुलांवर पोचलेलं होतं आणि पुढची धमकी उट्रेख्टची होती. १९८८ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत इराकने इराणी शहरांवर १९० च्या आसपास क्षेपणास्त्रं सोडली. दोनेक हजार माणसं मेली, तेहरानमधून लाखो लोक बाहेर पडले. जुलैत इराणने युद्धबंदी मानली. इथेही मधल्या काळात फाव द्वीपकल्प हातातून गेलेला होता, सैन्य मागे हटत होतं, आणि मार्चमध्ये इराकने आपल्याच देशातल्या हलब्जा या कुर्दी शहरावर विषारी वायू टाकल्यामुळे पुढचं क्षेपणास्त्र वायूचं असेल ही धास्ती होती. दोन्हीकडे एक गोष्ट समान दिसते. झालेल्या नुकसानीपेक्षा पुढे होऊ शकणाऱ्या नुकसानीने काम केलं, तेही जमिनीवरची लढाई आधीच हरत आलेली असताना. चेचन्याची राजधानी ग्रोझ्नी किंवा सीरियातलं २०१६ चं पूर्व अलेप्पो ही तिसरी जात. तिथे वेढा घालून, शहर उद्ध्वस्त करून ते ताब्यात घेतलं गेलं. शहर मिळतं, हे खरं. ग्रोझ्नी १९९५ मध्ये रशियाला मिळालं आणि ऑगस्ट १९९६ मध्ये चेचेन सैनिकांनी परत घेतलं, हेही खरं.

व्हिएतनामबद्दल फार लिहीत नाही. १९६५ ते १९६८ मध्ये उत्तर व्हिएतनामवर ६ लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले आणि दक्षिणेकडे जाणारी रसद थांबली नाही, कारण त्या रसदीची गरजच मुळात थोडी होती. १९७२ मध्ये उत्तरेने रणगाड्यांनिशी उघड चढाई केली, तेव्हा मात्र हवाई हल्ले लागू पडले. रणगाड्याला इंधन लागतं. १९९९ मध्ये कोसोवोच्या प्रश्नावर ‘नाटो’ने केलेल्या ७८ दिवसांच्या हल्ल्यांनंतर युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष मिलोशेविच वाकले, पण रशियाने हात काढून घेतल्यावर, आणि सुरुवातीला पुढे केलेल्या अटींपेक्षा थोड्या मऊ अटींवर.

आजकाल घरांऐवजी वीज लक्ष्य होते, आणि ‘आम्ही नागरिकांना मारत नाही’ असं म्हणायची सोय राहते. १९९१ मध्ये इराकची बहुतेक वीजनिर्मिती पहिल्या काही दिवसांत बंद पडली. वीज गेली की पाण्याचे पंप थांबतात, शुद्धीकरण थांबतं, मैला नदीत जातो आणि काही आठवड्यांत लहान मुलं जुलाबाने मरू लागतात. पर्वतीच्या जलकेंद्राची वीज महिनाभर गेली तर पुण्यात काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. सद्दामचं सैन्य मात्र कुवेतमधून निघालं ते शंभर तासांच्या जमिनीवरच्या लढाईनंतर. युक्रेनच्या वीजजाळ्यावर रशियाने १० ऑक्टोबर २०२२ पासून पद्धतशीर हल्ले केले. यातला सर्वांत नाजूक भाग म्हणजे ३३० आणि ७५० किलोव्होल्टचे ट्रान्सफॉर्मर. प्रचंड वजनाचे, खास वाघिणीतून न्यावे लागणारे, मागणी नोंदवल्यावर वर्ष-वर्ष न मिळणारे. युक्रेनने त्यांच्याभोवती दगडांच्या जाळ्या आणि काँक्रीटच्या भिंती उभ्या केल्या, आणि लोकांसाठी ऊब, चहा, फोन चार्जिंग मिळेल अशी केंद्रं उघडली. बेघर माणूस सरकारी रांगेत उभा राहतो, तेच इथेही झालं. गाझाबद्दल एवढंच नोंदवतो की ऑक्टोबर २०२३ मध्ये पळवून नेलेल्यांपैकी जिवंत परतलेले बहुतेक जण वाटाघाटींतून सुटले, लष्करी कारवाईतून जिवंत सोडवलेले दहाच्या आत आहेत. बॉम्बफेकीच्या दबावामुळेच वाटाघाटी झाल्या, असं तिचे समर्थक म्हणतात. तो दावा तपासण्याची रीत खाली देतो.

लागू पडत नाही तर मग सरकारं पुन्हा पुन्हा तेच का करतात? १९४०-४१ मध्ये ब्रिटनकडे जर्मनीपर्यंत पोचणारं दुसरं काही नव्हतं, हे एक कारण. स्वतंत्र हवाई दलाला आपलं वेगळं महत्त्व दाखवायचं असतं, हे दुसरं. तिसरं सर्वांत जुनं: घरच्या लोकांना सूड हवा असतो आणि आग टीव्हीवर छान दिसते.

कुठल्याही युद्धात ‘बॉम्बफेकीने ते वाकले’ असा दावा आला की आधी विचारावं, नेमकं काय मान्य केलं जे आदल्या महिन्यात नाकारत होते? मग त्या आठवड्यात आणखी काय घडलं ते पाहावं: आघाडी कुठे सरकली, कोणत्या मित्रदेशाने हात काढला, कोणतं बंदर बंद झालं. मग बॉम्ब पडले ती ठिकाणं नकाशावर मांडावी आणि घरं, कारखाने, इंधन, रेल्वे असा हिशेब वेगवेगळा करावा. सगळ्यात शेवटी तारखा लावाव्यात. लोकांची सर्वाधिक हानी आणि सरकारचा निर्णय यांत महिन्यांचं अंतर असेल तर कारण दुसरीकडे शोधावं.

आता भारत. आपल्याकडे या बाबतीत दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. २० डिसेंबर १९४२ ला जपानी विमानांनी कलकत्त्यावर पहिला हल्ला केला. विमानं थोडी, मृत्यू थोडे, पण लाखो लोक शहर सोडून पळाले, दुकानं बंद झाली. शहर उपाशी राहू नये म्हणून सरकारने महिनाअखेरीस व्यापाऱ्यांचे तांदळाचे साठे ताब्यात घेतले आणि बाजाराचा विश्वास आणखी उडाला. १९४३ च्या दुष्काळाची कारणं अनेक होती, त्यातलं हे एक. ब्रिटिशांनी त्यामुळे युद्ध सोडलं नाही. मेला तो खेड्यातला शेतमजूर.

१९७१ मध्ये आपण नेमकं उलट केलं. ढाक्याजवळच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी मिग-२१ विमानांनी पहिल्या काही दिवसांत अशी फोडली की पूर्वेकडची पाकिस्तानी सेबर विमानं उडूच शकली नाहीत. कराचीत केमारीच्या तेलटाक्या जळाल्या. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये बैठक होणार असल्याचं संदेश पकडून कळलं, तेव्हा वैमानिकांनी पर्यटकांसाठी छापलेल्या शहराच्या नकाशावर इमारत शोधली आणि मिग-२१ मधून थेट तिच्यावर रॉकेट मारली. गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला आणि रेड क्रॉसच्या संरक्षणाखालच्या हॉटेलात आसरा घेतला. दोन दिवसांनी शरणागती झाली. सैन्य ढाक्याच्या वेशीवर होतं, समुद्र बंद होता, आकाश आपलं होतं, आणि ढाक्याची वस्ती जाळावी लागली नाही. ती जाळली असती तर ज्या लोकांसाठी युद्ध चाललं होतं तेच उलटले असते.

कायद्याचं म्हणाल तर नागरिकांत दहशत पसरवण्याच्या मुख्य हेतूने हल्ला करायला १९७७ च्या जिनिव्हा पुरवणी कराराने बंदी आहे. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, पण नागरिक आणि लष्करी लक्ष्य यांत फरक करण्याचं बंधन रूढ कायद्याने सगळ्यांवरच आहे. पाकिस्तानच्या बाबतीत त्याहून व्यवहारी अडचण अशी की लाहोर आणि अमृतसर ही दोन्ही शहरं सीमेपासून तीसेक किलोमीटरच्या आत आहेत आणि दोन्ही देशांकडे अण्वस्त्रं आहेत. तिथे ‘भाजून काढणं’ एकतर्फी राहत नाही. एवढ्या वैरातही दोन्ही देशांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ ला केला, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला त्या ठिकाणांच्या याद्या एकमेकांना दिल्या जातात. याद्यांत शहरं नाहीत, धरणंही नाहीत. पाकिस्तानच्या ताब्यातलं मांगला धरण आणि आपलं भाक्रा धरण, या दोन नावांवरून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला सुरुवात करता येईल.